लसींवर शंका घेणं अवैज्ञानिक आहे का?

तुम्ही विचारलंय, "विज्ञानाचा पायाच शंका आहे असं सगळे सांगतात, मग लसींबद्दल शंका काढली की लगेच अडाणी का ठरवतात?" प्रश्न रास्त आहे. असा प्रश्न विचारणाऱ्याची टिंगल करणारे लोक विज्ञानाचं नुकसानच करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, वैद्यक हा माझा विषय नाही. पण लसींवरच्याच दोन शंकांची हकिगत सांगते. दोन्ही 1998 मधल्या आहेत आणि दोन्हींची तड लागली आहे.

पहिली रोटाव्हायरसच्या लसीची. हा विषाणू म्हणजे तान्ह्या मुलांच्या जीवघेण्या जुलाबांचं मोठं कारण. त्यावरची रोटाशील्ड ही लस ऑगस्ट 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मंजुरीआधीच्या चाचण्यांत एक गोष्ट खटकली होती. लस दिलेल्या सुमारे 10,000 बाळांपैकी 5 जणांना आतड्याचा एक विकार झाला आणि लस न दिलेल्या सुमारे 4,600 पैकी एकाला. या विकारात आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरतो आणि वाट अडते. वेळेत उपचार झाले नाहीत तर जिवावर बेततं. आता 5 आणि 1 या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. हा विकार लसीविनाही बाळांना होतो, त्यामुळे तो निव्वळ योगायोगही असू शकला असता.

पुढे जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. सिद्ध झाली नाही म्हणून ती शंका कुणी टाकून दिली नाही. लसीच्या माहितीपत्रकात तिची नोंद झाली आणि लस वापरात आल्यावर याच विकारावर नजर ठेवायचं ठरलं. लसीनंतर काही त्रास झाला तर तो डॉक्टर, पालक, कुणीही कळवू शकेल अशी नोंदणी अमेरिकेत आहे. तिथे 1999 च्या जुलैपर्यंत या विकाराच्या 15 नोंदी जमल्या. लाखो बाळांना लस दिल्यावर फक्त 15! तरीही लस देणं थांबवायला सांगितलं गेलं, कसून तपास झाला आणि ऑक्टोबर 1999 मध्ये लस मागे घेण्यात आली. धोका निघाला साधारण 10,000 बाळांमागे एक.

दुसरी शंका तुम्ही ऐकलीच असेल. फेब्रुवारी 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरनं 'लॅन्सेट' या नियतकालिकात 12 मुलांबद्दल निबंध लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) असू शकतो अशी चर्चा सुरू करून दिली. ही शंकासुद्धा कुणी हसण्यावारी नेली नाही. डेन्मार्कमध्ये जन्मापासूनच्या नोंदी नीट ठेवलेल्या असतात. तिथे 5,37,000 हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण जास्त-कमी आढळलं नाही. हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2019 मध्ये तिथेच साडेसहा लाखांहून अधिक मुलांवर पुन्हा तीच तपासणी झाली आणि उत्तर तेच आलं. दरम्यान वेकफील्डच्या मूळ निबंधातल्या मुलांच्या नोंदी दवाखान्यातल्या नोंदींशी जुळत नाहीत हे उघड झालं. निबंध 2010 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही गेला.

एक शंका खरी निघाली, एक खोटी. खटकलेल्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञांनी पुरावा गोळा केला आणि तो म्हणेल ते मान्य केलं, मग ते लस बनवणाऱ्यांच्या विरोधात जावो की लसीवर आरोप करणाऱ्याच्या. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. शंका घ्या, जरूर घ्या. पण काय दिसलं तर ती मिटेल हेही सोबत सांगा. ब्रिटनमध्ये काही पालक डेन्मार्कच्या आकड्यांनंतरही हटले नाहीत. 2003-04 मध्ये तिथलं या लसीचं प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि गोवर परत पसरू लागला. कुठल्याच उत्तरानं जी मिटत नाही तिला मी शंका म्हणणार नाही. तिथे निकाल आधीच लागलेला असतो.

खऱ्या शंकेचीही किंमत मोजावी लागते, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. रोटाशील्ड अमेरिकेत मागे घेतल्यावर ती गरीब देशांत वापरणं जवळपास अशक्य झालं. तुम्ही स्वतःच्या मुलांना देत नाही ती आमच्या मुलांना कशी देता, हा प्रश्न कोणत्याही सरकारला विचारला गेला असता. पण त्या काळात रोटाव्हायरसनं जगात वर्षाला सुमारे पाच लाख मुलं दगावत होती, त्यात भारतातली फार. जिथे जुलाब झालेलं बाळ सलाइनपर्यंत पोचत नाही तिथे 10,000 मागे एक या धोक्याचं गणित वेगळं मांडावं लागतं. ते मांडलं जाईपर्यंत वर्षं गेली.

त्यानंतरच्या रोटाव्हायरसच्याच दोन लसींची चाचणी म्हणूनच प्रत्येकी 60,000 हून अधिक बाळांवर झाली. दहा हजारांत एखादाच दिसणारा धोका पाहायचा तर तेवढी बाळं लागतात, हे साधं अंकगणित आहे. त्या लसी 2006 च्या सुमारास आल्या. त्यांच्याबाबतीतही थोडा धोका पुढे सापडलाच, अमेरिकेच्या अंदाजानुसार 20,000 ते 1,00,000 बाळांमागे एक, आणि तोही लपवला गेला नाही. आपल्याकडच्या रोटाव्हॅक या रोटाव्हायरसवरच्या लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू इथल्या जवळपास 6,800 बाळांवर झाली. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून संरक्षण सुमारे 56 टक्के. एवढ्या बाळांत दुर्मीळ धोका दिसणारच नाही हे ठाऊक होतं, म्हणून 2016 मध्ये सरकारी लसीकरणात ती आल्यावर देशातल्या 27 रुग्णालयांत त्याच आतड्याच्या विकारावर नजर ठेवली गेली. 2019 पर्यंतच्या नोंदींत लसीशी संबंध आढळला नाही.

हे आकडे लोकांपर्यंत पोचत नाहीत, यात आम्हा शिक्षकांचाही मोठा वाटा आहे. प्रयोगशाळेत लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणामुळे येणाऱ्या त्वरणाचं उत्तर 9.8 आलं नाही की मुलं रीडिंग खोडून 'बरोबर' आकडा लिहितात, आणि अनेक ठिकाणी त्यालाच पूर्ण गुण मिळतात. खरं तर 9.5 का आलं, दोरी किती ताणली गेली, आंदोलनं मोजताना हात किती उशिरा थांबला, हे लिहिणाऱ्याला गुण द्यायला हवेत. बारा वर्षं विज्ञान शिकलेल्या माणसाला '56 टक्के' ऐकून लस निकामी वाटते आणि 'संबंध आढळला नाही' ऐकून काहीतरी दडवलंय असं वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे. लस '100 टक्के सुरक्षित' असल्याचं फलकावर लिहिणारेही त्याला हातभारच लावतात. एक जरी त्रासाची बातमी आली तरी त्यांच्या पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

तेव्हा लसीकरणाला जाल तेव्हा न लाजता विचारा: कोणता धोका, किती बाळांमागे एक, लस न दिल्यास आजाराचा धोका किती, आणि हे कोण मोजतंय. रोटाव्हायरसच्या लसीपुरतं सांगायचं तर डोस दिल्यावर, विशेषतः पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, सारखं ओकत असेल, पोट फुगलं असेल किंवा शीतून रक्त पडत असेल, तर घरी वाट पाहू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या आणि लस कधी दिली ती तारीख डॉक्टरांना सांगा.