दहा दिवसांचा ॲक्युपंक्चर कोर्स करून कोल्हापुरात क्लिनिक टाकता येईल का? तुम्ही या लाइनला कसे आलात?

तुम्ही फिजिओच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि कुणीतरी दहा दिवसांचा ऑनलाइन कोर्स सुचवलाय असं लिहिलंय, तर आधी सरळ सांगतो, तो कोर्स करू नका. ॲक्युपंक्चर जरूर शिका, मी पण फिजिओच आहे आणि गेली बारा-तेरा वर्षं हेच करतोय, पण दहा दिवसात आणि ते पण मोबाईलवर बघून नाही. का ते माझ्यावरनंच सांगतो.

माझे आजोबा शिवाजी पेठेतल्या एका तालमीत पोरांना मालिश करायचे. पैलवान मातीतनं उठून पुढ्यात पालथा पडला की आजोबा तेलाचा अंगठा त्याच्या पाठीवरनं हळूहळू सरकवत न्यायचे, कुठं दुखतंय वगैरे काही विचारायचे नाहीत, आणि एका जागी अंगठा थांबला की पैलवानच ओरडायचा, "हां हां, हितंच!" मी तेलाची वाटी धरून शेजारी बसायचो. न विचारता यांना कळतं कसं, हे मला लई दिवस पडलेलं कोडं होतं.

पुढं मी फिजिओथेरपी केली, एका हॉस्पिटलात लागलो, तिथं दिवसभर मशीन लावायची, पंधरा मिनिटं झाली की बेल, पुढचा पेशंट. पेशंटला हात लावायला वेळच नसायचा. त्यात एका सीनियरनं मुंबईतल्या ॲक्युपंक्चरच्या वर्गाबद्दल सांगितलं आणि मी नाव घातलं. दोन वर्षं, महिन्यातनं दोनदा, शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, शनिवार-रविवार वर्ग, रविवारी रात्री परत तीच गाडी आणि सोमवारी ड्युटी. पॉइंट म्हणजे सुई टोचायची जागा, आणि पहिल्याच महिन्यात सरांनी "आशी" पॉइंट शिकवले. म्हणजे ज्यांना ठरलेलं नाव नाही, ठरलेली जागा नाही, दाबल्यावर पेशंट "आ! शी!" म्हणतो तीच जागा, आणि चिनी भाषेत त्याचा अर्थ "हो, हेच!" तेराशे वर्षांपूर्वीच्या सुन सिमियाव नावाच्या वैद्याशी हा शब्द जोडतात. मी वर्गात बसलोय आणि मला माझा आजोबा दिसतोय, "हां हां, हितंच". त्या दिवशी माझं ठरलं.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो कारण आपल्याकडं हमखास गोंधळ होतो. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं बरेच जण सांगतात, ते तसं नाही. कोटणीस सर्जन होते, १९३८ ला वैद्यकीय पथकातनं चीनला गेले, जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत राहिले आणि १९४२ ला तिकडंच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि १९५९ पासनं कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. दोघंही मोठीच माणसं, पण ज्याचं श्रेय त्याला द्यावं.

आता शिकण्याचं. डब्ल्यूएचओच्या यादीत ३६१ पॉइंट आहेत, ते सहा महिन्यात पाठ होतात, ते अवघड नाही. अवघड आहे तो हात. आम्हाला आधी साबणाच्या वडीत सुया टोचायला लावल्या, मग मोसंबीत, मग स्वतःच्या पायात. सुई कशी, तर पाव मिलिमीटर जाड, भरीव, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नाही. मी स्वतःच्या झूसानलीला टोचलं, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या कडेपासनं एक बोट बाहेर. चारपाच वेळा नुसतं टोचल्यासारखं झालं, काहीच नाही, आणि मग एकदा आत कुठंतरी जडपणा आला, ठणक नव्हे, भरून आल्यासारखं, आणि ते खाली पायाच्या पंजापर्यंत गेलं. चिमटीतली सुई पण एकदम जड लागली. याला "दे ची" म्हणतात, आणि जुन्या चिनी लिखाणात त्याला गळाला मासा लागल्याची उपमा आहे. रंकाळ्यावर गळ टाकून बसलेल्यांना विचारा, ती ओढ शब्दात सांगता येत नाही, हाताला कळते. हे तुम्हाला व्हिडिओत कसं दिसणार?

आणि दुसरं, कधी टोचायचं नाही. सुरुवातीला माझ्याकडनं एक चूक झाली. नवरात्रात एक ताई आल्या, मान धरलेली, मी खुर्चीवर बसवूनच मानेत आणि हातात सुया लावल्या. नऊ दिवसांचा कडक उपास चाललाय हे मी विचारलंच नाही. दोन मिनिटात त्यांना घाम फुटला, चेहरा पांढरा पडला आणि मान कलली. सुया काढल्या, आडवं केलं, पाय उशीवर, शुद्धीवर आल्यावर गूळपाणी. दहा मिनिटात बऱ्या झाल्या पण माझे हात तासभर थरथरत होते. तेव्हापासनं पहिला प्रश्न "जेवून आलाय का", आणि पहिल्या वेळी झोपवूनच. खांद्यावर आणि बरगड्यांवर तर खोली चुकली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, हे घडलेलं आहे, पुस्तकी भीती नाही. गरोदर बाईला हेगू (हाताच्या अंगठ्या-तर्जनीमधला) आणि सानयिनजियाव (घोट्याच्या आतल्या बाजूनं वरचा) हे पॉइंट परंपरेनं वर्ज्य मानतात. सुई एकदाच वापरायची, मग शार्पच्या, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायच्या पांढऱ्या डब्यात.

पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळावरचे एक गुळवे आले होते, सीझन तोंडावर आलेला, उजवा हात खांद्याच्या वर जाईना, शर्ट बायको घालायची. "डॉक्टर, काहील ढवळायची हाय, काय पण करा." मी त्यांचा हात धरून बाहेर वळवून बघितला, मी वळवला तरी वळेना, म्हणजे फ्रोझन शोल्डर, खांदा आखडलेला. ते शुगरवाल्यांना जास्त होतं म्हणून विचारलं, तर आयुष्यात कधी तपासलीच नव्हती. सुई न लावता आधी लॅबला पाठवलं, तीनशेच्या वर निघाली. शुगरच्या गोळ्या फिजिशियननं सुरू केल्या, मी सुया आणि व्यायाम. डाव्या पायाला, गुडघा आणि घोट्याच्या बरोबर मधे तियावकोऊ नावाचा पॉइंट आहे, तिथं सुई ठेवून त्यांना उजवा हात भिंतीवर बोटांनी वर चढवायला लावायचो. चार महिन्यांनी डोक्यावरचा फेटा स्वतः बांधून आले. यात सुईचं किती, व्यायामाचं किती, शुगर उतरल्याचं किती हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, हा आजार काही अंशी आपोआप पण सुटतो. पण फक्त सुया मारत बसलो असतो तर शुगर कधी सापडली नसती, हे नक्की.

म्हणून पेशंटला खोटं बोलू नका. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, मायग्रेन, ऑपरेशननंतरची मळमळ, यात फायदा दिसतो, आणि काही अभ्यासात खोट्या सुईनं, म्हणजे उपचाराचं नुसतं नाटक केलं तरी, बराच आराम पडतो हे पण खरंय. शुगर, कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा वेगळा कायदा २०१५ चा आहे, त्याखाली कौन्सिल आहे, आणि केंद्रानं २०१९ ला स्वतंत्र उपचार पद्धती म्हणून मान्यता दिली. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनशिवाय पाटी लावू नका. म्हणून पैसे भरण्याआधी कोर्सवाल्याला दोनच गोष्टी विचारा, तुमचं सर्टिफिकेट कौन्सिल धरतं का, आणि खऱ्या पेशंटवर किती तास, कोण उभं राहून शिकवणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळला तर फोन ठेवा.

मॉक्सा पण शिका, लोक विसरतात. आर्टेमिसिया नावाच्या झुडपाची वाळलेली पानं कुटून केलेली कांडी पेटवून पॉइंटजवळ ऊब द्यायची. मी घरी पहिल्यांदा पेटवली तेव्हा आई आतनं म्हणाली, "जोतिबाचा दवणा जाळतोस व्हय रे?" वास वेगळा आहे, पण दवणा पण आर्टेमिसियाच, तेवढं तिनं बरोबर ओळखलं.