सिस्टर होण्याची ओढ असताना एखाद्या मुलाला होकार देणं, म्हणजे देवाला फसवणं का?

तुझं वय 22, वसईच्या युवक मंडळात आहेस, कॉन्व्हेंटची, म्हणजे सिस्टरांच्या मठाची, ओढ आहे आणि मंडळातल्याच मुलाने तुला विचारलंय. देवाला फसवणं नाही गं. तू अजून कुठल्याच व्रतात नाहीस, आणि आपली जीवनवाट निवडायला प्रत्येक ख्रिस्ती माणूस मोकळा आहे, असं चर्चचा कायदाच (कलम 219) सांगतो. मला काळजी वाटते ती त्या मुलाची. त्याला तुझ्या मनातलं पाचारण, म्हणजे देवाचं हे बोलावणं, ठाऊक आहे का? नसेल तर होकार-नकाराच्या आधी ते सांग.

मी या पेचातून गेले आहे, आज संसारात आहे. सगळं ऐकल्यावर मला विचारणाऱ्या मुलाने एकच विचारलं होतं, "किती दिवस थांबू?" त्याचा तो हक्कच होता. मग धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या) फादरांशी बोलून मी ईस्टरपर्यंतची मुदत घेतली. तोवर आमची मैत्री राहिली, जोडपं म्हणून फिरलो नाही. मी सुट्टीत सिस्टरांकडे राहून आले, त्यांचा पहाटेपासूनचा दिवस पाहिला.

एका गोष्टीला फार जप. त्याच्याशी खटका उडाला की कॉन्व्हेंट गोड वाटू लागतं, आणि प्रार्थना कोरडी गेली की तो आठवतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती म्हणतात, मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये. मला याचा फार आधार झाला. दोन्हीकडे मन प्रसन्न असताना कुठे ओढ टिकते, ते रोज वहीत लिही आणि मार्गदर्शक फादर किंवा सिस्टरांना दाखव. लग्नही साक्रामेंतच (चर्चचा पवित्र संस्कारच) आहे, त्याला कमी लेखून कॉन्व्हेंटमध्ये जाऊ नकोस.

आत गेलीस तरी दार लगेच बंद होत नाही. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, किमान 12 महिन्यांचं, त्यानंतर निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, मग कायमची. पण ही सवलत तुझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. प्रवेश घेशील त्या दिवशी त्याला पूर्ण मोकळं कर. "परत आले तर बघू" असं चुकूनही म्हणू नकोस.

आणि हे त्याला मंडळातल्या कुणाकडून कळता कामा नये. या आठवड्यातच तू स्वतः बोल.