बोअरचं पाणी नितळ, तरी तपासायचं?

प्रश्न : सर, आमचं घर शिरोलीत, एमआयडीसीला लागून. जवळच क्रोम प्लेटिंगचं काम चालतं. बोअरचं पाणी अगदी नितळ आहे, वासही नाही. मुलगा म्हणतो, लॅबला देऊया, तिथं पाण्यातनं प्रकाश सोडून विष ओळखतात. नितळ पाण्यात प्रकाशाला काय सापडणार?
– एक वाचक भगिनी, शिरोली

उत्तर : ताई, मुलाचं ऐका. प्लेटिंग म्हटलं की माझा पहिला संशय हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर, म्हणजे क्रोमियम धातूच्या विषारी रूपावर. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची, म्हणजे त्याची सगळी रूपं मिळून, मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. एवढं क्रोमियम डोळ्यांना दिसतच नाही. पिवळी झाक दिसू लागते तोवर ते मर्यादेच्या कितीतरी पुढं गेलेलं असतं.

लॅबमध्ये नमुन्यात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड नावाचं रसायन घालतात. हे क्रोमियम असेल तर पाण्याला जांभळट-लाल रंग चढतो. मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात त्यातून ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडतात. तो रंग नेमका हाच प्रकाश शोषतो. किती शोषला हे मोजायचं, प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांशी ताडायचं, की आकडा हातात. रंग आपल्याला जाणवणारही नाही इतका फिका असला तरी यंत्र तो पकडतं. इतकी वर्षं शिकवूनही मला या चाचणीचं अप्रूप आहे.

पण तिला शिसं दिसत नाही, निकेलही नाही. त्यासाठी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन लागतं, म्हणजे धातूचे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणारी चाचणी. त्यात शिसं शोधायला शिशाचाच दिवा लावतात, कारण त्याचा प्रकाश शिसंच शोषतं; निकेलला निकेलचा. म्हणून नुसतं 'पाणी तपासून द्या' म्हणू नका. नेहमीच्या तपासणीत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक), क्षारता, कठीणपणा असलं येतं आणि अहवाल उत्तम दिसतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, एकूण क्रोमियम, निकेल, शिसं अशी नावं अर्जात लिहून द्या.

बाटल्या लॅबकडूनच घ्या, आणि दोन घ्या. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल असतं. हेक्झाव्हॅलंटच्या बाटलीत ते नको, कारण आम्लात त्यातलं काही क्रोमियम रूप बदलतं आणि आकडा खोटा कमी येतो. मोटर थोडा वेळ चालू ठेवून मगच नमुना भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा.

अहवाल येईपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी वापरा. बोअरचं पाणी उकळून पिऊ नका. उकळल्यानं क्रोमियम जात नाही; पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं.