जितके पंच, तितक्याच स्पर्धा

चि. बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या बेळगावच्या एकचाकी सायकल मेळाव्यासाठी तू पाठवलेली स्पर्धांची यादी सावकाश वाचली. पाच दिवस आणि बावीस स्पर्धा. १०० मीटर, ४०० मीटर, एका पायाने ५० मीटर, टायरवर पाय ठेवून ३० मीटर, स्लॅलम, रिले, डोंगरउतार, ट्रायल्स, हॉकी, बास्केटबॉल, फ्रीस्टाइल, आणि वर १०० किलोमीटरची शर्यतसुद्धा. युनिकॉनचा, म्हणजे एकचाकीच्या जागतिक मेळ्याचा, कार्यक्रम समोर ठेवून ती उतरवली आहेस हे लगेच कळलं. त्यात गैर काही नाही. आंतरराष्ट्रीय एकचाकी महासंघ १९८२ मध्ये स्थापन झाला, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूजला पहिलं युनिकॉन भरलं, आणि तिथून सुरू झालेला मेळा दक्षिण कोरियातल्या आन्सानपर्यंत, फ्रान्समधल्या ग्रेनोबलपर्यंत फिरून आला. एवढ्या वर्षांत स्पर्धा वाढल्या, तसे त्या जोखणारे पंचही तयार झाले. तुझ्या यादीत स्पर्धेचं नाव आहे, वेळ आहे, जागा आहे, बक्षीसही आहे. पंच कोण, हा रकानाच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की ती यादी बाजूला ठेव आणि एका कोऱ्या कागदावर माणसांची यादी कर. नियम वाचून, समजून, उन्हात तीन तास उभं राहून निर्णय देतील अशी माणसं किती? ती जितकी मिळतील तितक्याच स्पर्धा घ्यायच्या. जर्मनीहून किंवा जपानहून स्वतःच्या पैशाने आलेलं एखादं पोर, वर्षभर मेहनत करून, आपल्या मैदानावर चुकीच्या निकालामुळे रडत परत गेलं, तर त्याला आपण काय उत्तर देणार? आठ स्पर्धा चोख झाल्या तर लोक पुन्हा येतील.

आता स्पर्धेगणिक पंचांचं काम किती वेगळं असतं ते बघ. १०० मीटर घे. आपल्याकडचे अ‍ॅथलेटिक्सचे पंच चांगले आहेत, पण त्यांची नजर धावणाऱ्याच्या छातीवर असते. इथे चाकाचा पुढचा कड रेषेवर आला की वेळ थांबते. स्वार पुढे झुकला म्हणून त्याला फायदा नाही. शिवाय त्या क्षणी दोन्ही पाय पायडलवर हवेत आणि सायकल ताब्यात हवी. मध्येच पाय जमिनीला लागला तर १०० मीटरमधून बाद. नजरेची वर्षानुवर्षांची सवय बदलायची तर आदल्या दिवशी पंचांसमोर पाच-सहा मुलं पळवून दाखवावी लागतील. नुसता कागद वाटून ते व्हायचं नाही.

चाक मोजणं हे आणखी एक काम. २४ इंची वर्गात टायरचा बाहेरचा व्यास ६१८ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि क्रँक, म्हणजे पायडल ज्यावर बसतं तो दांडा, १२५ मिलिमीटरपेक्षा आखूड चालत नाही. लहान मुलांच्या २० इंची वर्गात हेच आकडे ५१८ आणि १००. चाक मोठं किंवा क्रँक आखूड असेल तर वेग वाढतो, म्हणून हे बंधन. प्रत्येक सायकलला टेप लावत बसलात तर सकाळ तिथेच संपेल. त्यापेक्षा उद्यमबागेत जा. क्रँकशाफ्ट घडवणारं आपलं गाव, तिथल्या कोणत्याही फिटरला सांग की मला ‘गो-नो-गो’ गेज हवा, तर त्याला पुढे काही समजवावं लागणार नाही. ६१८ ची एक खाच, ५१८ ची एक खाच. चाक आत गेलं तर पास. वाद नाही, भाषेची अडचण नाही. क्रँकसाठीही तसाच छोटा गेज करून घे. मापात बसलेल्या सायकलीला रंगीत स्टिकर लाव, म्हणजे लेनवर पुन्हा तपासायला नको.

स्लो रेसवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या मेळाव्याचं खरं आकर्षण तीच ठरेल असं मला मनापासून वाटतं. स्लो सायकलिंग आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो की गणेश मंडळाचा कार्यक्रम, ती स्पर्धा असतेच, आणि बघणाऱ्या आजीलासुद्धा कोण जिंकतंय ते कळतं. पण एकचाकीचा नियम आपल्या नियमापेक्षा कडक आहे. अंतर १० मीटर. पुढे जाताना १५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवरून, मागे जाताना ३० सेंटिमीटरच्या. आपल्याकडे सायकलवर जागच्या जागी तोल धरून उभं राहिलेल्या मुलाला टाळ्या मिळतात, इथे तो बाद होतो. थांबायचं नाही, उलट फिरायचं नाही, उडी मारायची नाही, चाक ४५ अंशांपेक्षा जास्त वळवायचं नाही. ‘थांबला की नाही’ हे ठरवणं किती अवघड आहे ते तूच एकदा जमिनीवर बसून, डोळे चाकाच्या उंचीला आणून बघ. प्रत्येक पट्टीला एक पंच फक्त चाकाकडे बघणारा आणि एक घड्याळवाला, असे दोघे हवेतच. दोन पट्ट्या, चार माणसं. ती मिळत नसतील तर एकच पट्टी ठेव, पण पंच कमी करू नकोस. निवेदकाने नियम मराठीत आणि कन्नडमध्ये आधी नीट सांगितला, तर प्रेक्षकच अर्धे पंच होतात.

स्लॅलमचा, म्हणजे कोनांमधून वळत जाण्याच्या शर्यतीचा, हिशेब करूनच टाकू. दहा कोन (रस्त्यावर ठेवतात तसे शंकू), प्रत्येक स्वाराला दोन संधी. कोनाला चाक लागलं तरी चालतं, कोन पडला की ती संधी गेली. साठ स्वार धरले तर १२० फेऱ्या. फेरी, पडलेला कोन खुणेवर परत ठेवणं, पुढच्याला बोलावणं, सगळं मिळून दीड मिनिट लागतं असं धर. १८० मिनिटं झाली, म्हणजे तीन तास. तू त्याला एक तास दिला आहेस. दोन समांतर मार्ग आखलेस तर दीड तासात होईल, पण मग कोनांच्या जागा दोन्हीकडे अगदी सारख्या हव्यात. चुन्याने खुणा केल्या तर दुपारपर्यंत पुसतात. पक्क्या जमिनीवर ऑइल पेंटचा ठिपका मार.

हॉकी जरूर घे, तीही स्केटिंग रिंकवर. आपल्या गावात स्केटिंगची पोरं आणि त्यांचे आईबाप भरपूर आहेत, गुळगुळीत जमिनीची किंमत त्यांना कळते. पाच-पाचचे संघ, टेनिसचा चेंडू, आइस हॉकीच्या काठ्या. यातला महत्त्वाचा नियम सगळ्या संघांना आधी समजावून सांग: काठी दुसऱ्याच्या चाकाखाली गेली की फाउल, मुद्दाम गेली की चुकून गेली हे बघायचं नाही. सायकलवरून पडलेल्याने चेंडूला हात-काठी लावायची नाही. हे दोन नियम ढिले सोडले की दात आणि मनगटं जातात. बास्केटबॉल या वर्षी नको. दोन सांघिक खेळांना पुरतील एवढे पंच आपल्याकडे नाहीत.

डोंगरउतार काढून टाक. त्याला प्रत्येक वळणावर माणूस लागतो, खाली रुग्णवाहिका लागते, आणि खानापूरच्या रानात शिरायचं तर वनखात्याची परवानगी. त्याऐवजी येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढाईची शर्यत ठेव. चढावर वेग कमी, पडलं तरी मार कमी, आणि पंच फक्त खाली आणि वर. रविवारी तिथे गर्दी उसळते, म्हणून मधल्या वारी पहाटे. शर्यत संपली की सगळ्यांना गडावरच नाश्ता दे.

ट्रायल्सबद्दल तुला खूप शंका होत्या, पण तीच सगळ्यांत सोपी आहे. लाकडी पॅलेट, ट्रकचे जुने टायर, ओंडके, दगड, केबलचे रिकामे ड्रम यांचे अडथळे रचायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, आणि दोन तास मोकळे सोडायचे. पाय न टेकवता जो जितके अडथळे पार करेल तितके त्याचे गुण. कितीही वेळा प्रयत्न करू दे. फक्त सगळेच अडथळे पट्टीच्या स्वारांसाठी रचू नकोस. दहातले चार तरी असे असावेत की वडगावचं वर्षभर शिकलेलं पोरही ते पार करेल. रचलेलं प्रत्येक पॅलेट आधी एखाद्या जड माणसाने उड्या मारून तपासायचं.

१०० किलोमीटरची शर्यत हट्टाने ठेवली आहेस, आणि तिथे मी तुला सरळ नाही म्हणतो. पाऊस संपल्यावर आपल्याकडे हवा सुरेख होते आणि त्याच महिन्यांत उसाचा हंगामही सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चिकोडी-गोकाककडच्या रस्त्यांवर पहाटेपासून असतात, मागे दिवे नसतात, ऊस बाजूला लोंबत असतो. त्या रस्त्यावर मी कुणाचंही मूल एका चाकावर पाठवणार नाही. १० किलोमीटर पुरे. कॅम्पातले रुंद, झाडीचे रस्ते त्यासाठी उत्तम, मात्र कॅन्टोन्मेंट आणि लष्कर, दोघांची लेखी परवानगी दोन-तीन महिने आधी घे. एकेकाला ठराविक अंतराने सोड, म्हणजे घोळका होणार नाही. हेल्मेट नाही तर सुरुवात नाही, मग तो जगज्जेता का असेना.

तारखांचंही याच ओघात सांगतो. १ नोव्हेंबरच्या आसपास काही ठेवू नकोस, त्या दिवशी इथे राज्योत्सव आणि काळा दिवस दोन्ही असतात, तुला माहीत आहेच. डिसेंबरही नको. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा गावात खोली मिळत नाही आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात. २६ जानेवारीच्या आधी स्टेडियमवर संचलनाचा सराव असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मुलांच्या परीक्षा डोक्यावर येतात. राहिला जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पहाटे गारठा असेल, ट्रॅकवर दव असेल, म्हणून ट्रॅकच्या स्पर्धा नऊच्या आधी नकोत.

फ्रीस्टाइल, म्हणजे संगीतावरच्या कसरती, संध्याकाळी, सभागृहात, तिकीट न लावता. गुण देण्यासाठी बाहेरून आलेल्यांपैकी अनुभवी तिघांना आधीच विचारून ठेव. तसंही नावनोंदणीच्या फॉर्मवर प्रत्येक पाहुण्याला विचारायचं: तुम्ही खेळत नसाल तेव्हा कोणत्या स्पर्धेत पंच म्हणून उभे राहाल? या खेळात स्वारच एकमेकांचे पंच होतात, ती त्यांची चालत आलेली रीत आहे, त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. मंडळाच्या पोरांना गर्दी आवरायचं काम दे. विसर्जन मिरवणूक सांभाळलेल्यांना ते शिकवावं लागत नाही.

बावीसमधून आठ-नऊ राहिल्या की रोजची दुपार मोकळी होते. ती भरू नकोस, बाळ. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आस्था त्या मोकळ्या दुपारीची आहे. व्हॅक्सिन डेपोच्या सावलीला मैदान उघडं ठेव, स्पीकरवर हळू गाणी लाव आणि माणसांना एकमेकांत मिसळू दे. जपानमध्ये प्राथमिक शाळांच्या आवारात एकचाकी सायकली असतात, मुलं मधल्या सुटीत शिकतात. तिथून आलेली एखादी मुलगी आपल्या शहापूरच्या मुलीचा हात धरून तिला मागे चालवायला शिकवत असेल, तर त्यासाठीच हा मेळावा आहे. तिथेच कौशल्यपातळ्यांची चाचणी ठेव. महासंघाच्या दहा पातळ्या आहेत, पहिलीत ५० मीटर चालवता आलं पाहिजे. ती पार केलेल्याला त्याच दिवशी, नाव नीट लिहून, प्रमाणपत्र दे. त्याला एक टेबल आणि एक पंच पुरतो. शेजारी बांबूचा कठडा उभार, कमरेइतका उंच, आठ-दहा मीटर लांब, आणि बघायला आलेल्या कुणालाही तो धरून सायकलवर बसून बघू दे. सीट खाली घेता येईल अशा पाच-सहा सायकली, गुडघ्याचे आणि मनगटाचे पॅड, आणि न कंटाळणारे दोन स्वयंसेवक तिथे कायम हवेत. खानापूर, निपाणीकडच्या शाळांना पत्रं पाठव. त्या मुलांनी फक्त टाळ्या वाजवून परत जावं असं मला अजिबात वाटत नाही.

फलक मराठी, कन्नड आणि इंग्रजीत, तिन्हींची अक्षरं सारख्याच आकाराची. जिथे जमेल तिथे चित्र आणि आकडा. निकाल संध्याकाळी सहाला एकाच ठिकाणी लागतील, तक्रार तासाभरात लेखी द्यायची, आणि ती ऐकणाऱ्या तिघांत त्या स्पर्धेचा पंच नसेल, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांग.

नवी यादी करताना डावीकडे पंचांची नावं आणि उजवीकडे स्पर्धा असं लिही. ज्या ओळीत डावीकडे नाव येत नाही ती ओळ खोड, मला विचारू नकोस. येत्या रविवारी सकाळी मी मैदान मोजायला येतो. ५० मीटरचा टेप माझ्याकडे आहे, तू ऑइल पेंटचा डबा आणि दोन मुलं घेऊन ये.

तुझे,
सर