सुट्टीनंतर पप्पांची छाती का भरते?

प्रश्न : डॉक्टर, पप्पा २२ वर्षं झाली सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल विणायच्या मागावर कामाला आहेत, संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवया पण पांढऱ्या झालेल्या असतात. सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, मग आठवडाभर बरं. ते म्हणतात सुट्टीत आराम केला म्हणून शरीर आळसावलं. खरंय का?

उत्तर : नाही हो, आळसाचा काही संबंध नाही! उलट सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्रास होतो हे तुम्ही बरोबर टिपलंत, कारण कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या आजाराची ती जुनी खूण आहे. त्या धुळीत जंतूंचे विषारी अंश असतात, त्याने श्वासनळ्या आवळतात. सुरुवातीला त्रास एकच दिवस, पण तसंच चालू राहिलं तर रोजचा होतो आणि मग फुफ्फुसाचं नुकसान भरून येत नाही. बिडी ओढत असतील तर आणखी वाईट.

छातीच्या डॉक्टरांकडे स्पायरोमेट्री करा, नळीत जोरात फुंकायची टेस्ट, जमलं तर पहिल्या दिवशी कामाआधी आणि नंतर अशी दोनदा. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्क घ्या. मागावरची धूळ हवेच्या पाइपने उडवतात ती वाईट सवय, व्हॅक्यूमने ओढून घेतलेली बरी.

आणि हो, कामगार भरपाईच्या कायद्यात हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे डॉक्टरांना कामाचं नाव आणि वर्षं केसपेपरवर लिहायलाच सांगा.