सातव्या महिन्यात चुलीवरचं उकळतं पाणी हातावर सांडलं, बाळाला धोका आहे का? (सोलापूर)

भाजलेला भाग तुमच्या तळहाताएवढा (बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का) असेल आणि धूर छातीत गेला नसेल, तर बाळाला सहसा धोका नसतो. मोठ्या भाजण्यात, विशेषतः २० टक्क्यांच्या पुढे, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, वारेकडचा (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाकडचा) रक्तपुरवठा घटतो आणि कळा लवकर सुरू होऊ शकतात. नंतर जंतुसंसर्गानेही कळा लवकर येऊ शकतात.

आत्ता बांगड्या-अंगठ्या काढा, २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन नको. घरात पडलेली सिल्व्हर सल्फाडायझिन मलमही स्वतःहून लावू नका, दिवस भरत आल्यावर त्यातल्या सल्फामुळे बाळाची कावीळ वाढू शकते. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही कार्डावर बघा.

मात्र फोड मोठे असतील, चेहरा किंवा पोट भाजलं असेल, बाळाची हालचाल मंदावली, पोट आवळून येतंय किंवा अंगावरून जातंय, तर १०८ ला फोन करून थेट सिव्हिल गाठा. बंद खोलीतला धूर गेला असेल तर बरं वाटत असलं तरी जा: कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या रक्तातून आईपेक्षा उशिरा निघतो.