टक्का काढण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

उच्च शिक्षणाच्या पैशांबद्दलच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. राग खरा आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतून पहाटेची बस धरून बेळगावचं कॉलेज गाठणाऱ्याला तो यायलाच हवा. पण पहिल्याच परिच्छेदात तू सहा टक्के आणलेस आणि तिथंच लेख लंगडा झाला. ते सहा टक्के कोठारी आयोगाचे (१९६४-६६). ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत आहेत आणि पहिलीपासून पीएच.डी.पर्यंतच्या सगळ्या शिक्षणासाठी आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितलं आणि २०१७-१८चा आकडा सुमारे ४.४३ टक्के दिला. तुझा प्रश्न निराळा आहे: शिक्षणाला मिळालेल्या पैशांतून कॉलेजं आणि विद्यापीठांच्या वाट्याला किती? छेद बदलला की वादच बदलतो.

केंद्राचं आधी आटपू. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी, त्यात उच्च शिक्षण विभागाला सुमारे ५०,०७८ कोटी, म्हणजे जवळपास ३९ टक्के. एवढं वाचून कुणी तुला विचारेल, मग रडतोस कशाला? उत्तर तयार ठेव. शाळांचा मोठा भार राज्यं उचलतात, म्हणून केंद्राच्या छेदात शाळा कमीच असतात आणि हा टक्का फुगलेला दिसतो. शिवाय त्या ५०,०७८ कोटींतले निम्म्याहून जास्त केंद्रीय विद्यापीठं आणि आयआयटींकडेच जातात. आपल्या जिल्ह्यात दोन्हींपैकी एकही नाही. आयआयटी धारवाडला, केंद्रीय विद्यापीठ कलबुर्गीला. २०१० साली झालेलं राणी चन्नम्मा विद्यापीठ राज्याचं. त्याच्यासारख्यांपर्यंत दिल्लीचा पैसा यायचा तो राज्यांच्या विद्यापीठांसाठीच्या पीएम-उषासारख्या केंद्रीय योजनेतून, आणि तिची तरतूद २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी, सगळ्या देशाला मिळून १२,९२६ कोटी.

म्हणून बंगळूरचं बजेट उघड. ते कानडीत किंवा इंग्रजीत असतं म्हणून आपली पोरं त्याच्या वाटेला जात नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही. शब्द अडले तर अडू देत, आकडा अडत नाही. बजेटमधल्या प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे खात्याचा क्रमांक असतो, आणि त्याचे पहिले चार अंक देशभर सारखे असतात. २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण. त्याखाली ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण. २२०३ म्हणजे तंत्रशिक्षण. बंगळूरला जे २२०२-०३, तेच मुंबईला. दोन्ही राज्यांकडे बघायची सवय आपल्याला जन्मजात आहे, तर तिचा एवढा तरी उपयोग करून घे.

इथं नीट थांब, कारण खरी मेख इथंच आहे. वैद्यकीय शिक्षण २२०२ मध्ये नसतं, ते आरोग्याच्या २२१० खाली. कृषी शिक्षण २४१५ खाली. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांचा मोठा भाग समाजकल्याणाच्या २२२५ मध्ये. इमारत बांधली तर ती ४२०२ वर. यातलं काय धरलंस आणि काय सोडलंस यावर तुझा टक्का कमी-जास्त होणार. कुठलीही व्याख्या घे, पण ती लेखात लिही आणि सगळ्या वर्षांना तीच लाव. नाहीतर तुझ्या विरुद्ध बाजूचा माणूस त्याच पुस्तकातून उलटा आकडा काढून दाखवेल, आणि तोही खोटा नसेल.

दुसरं, टक्का वाढला म्हणून हुरळू नकोस. भाकरीच लहान झाली तर चतकोराची अर्धी झाली तरी पोट भरत नाही. शाळांच्या पैशाला कात्री लागली तर उच्च शिक्षणाचा टक्का आपोआप चढतो. तुझ्या गावच्या मराठी शाळेचं छप्पर गळत असताना असा चढलेला टक्का तुला हवाय का? म्हणून टक्क्याशेजारी दर विद्यार्थ्यामागचा खर्च मांड. आणि बजेटमधल्या अंदाजावर विसंबू नकोस. दोन वर्षांनी येणारा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना बघ. जाहीर झालेलं आणि खर्चलेलं यांत अंतर पडतं.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. निपाणीचा मुलगा बारावीपर्यंत कर्नाटकाच्या खर्चानं शिकतो आणि पुढं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातो. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या काही व्यावसायिक प्रवेशांत वेगळी सोयही आहे. असा मुलगा शाळेपुरता एका राज्याच्या हिशेबात आणि कॉलेजपुरता दुसऱ्या राज्याच्या. जिल्ह्यातल्या अशा मुलांची मोजणी तुझ्या लेखात आली, तर तो कुणीही लिहिलेला लेख राहणार नाही. दोन-चार कॉलेजांत विचारून सुरुवात कर. विनाअनुदानित कॉलेजांतही विचार. तिथल्या पगाराचा भार बहुतेक घरच्या फीवरच असतो आणि तो २२०२ मध्ये दिसत नाही.

राजकारणाबद्दलचे शेवटचे दोन परिच्छेद सध्या काढून ठेव, तक्ता झाल्यावर बघू. आधी पाच वर्षांचा तक्ता करून पाठव. आकडे लाखांत आहेत की हजारांत, ते प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बघूनच उतरवून घे.

तुझा,
सर